सकाळी दुसरा गिअर अडतो : मॅन्युअल गाडीला गिअर ऑइल कोणतं घालावं?

घाटमाथा (पुणे)

नमस्कार मंडळी,

घरी २०१२ची आय-ट्वेंटी आहे. १.२ पेट्रोल, पाच गिअर, मॅन्युअल. लाखभर किलोमीटर होत आलेत. इंजिनाची काही तक्रार नाही, तक्रार गिअरची आहे. सकाळी गाडी काढली की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा मधेच थबकतो. जोर लावला तर जातो, पण हाताला कळतं की आत काहीतरी नको म्हणतंय. सिंहगड रोडवरून स्वारगेटपर्यंत पोहोचेतो गाडी तापते आणि मग सगळं सुरळीत. उन्हाळ्यात हा त्रास जवळजवळ नव्हता. पारा दहाच्या आसपास आला की वाढतो.

पावसाळ्याआधी एका गॅरेजमध्ये गिअर ऑइल बदलून घेतलं होतं. बिलावर नुसतं ‘गिअर ऑइल’ लिहिलंय. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘नव्वद नंबर टाकलंय, सगळ्या गाड्यांना तेच टाकतो.’

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय : एपीआय जीएल-४, एसएई ७५डब्ल्यू/८५, १.९ लिटर. पुढे ‘फिल फॉर लाइफ’ असंही. नाना पेठेत फिरलो. ८०डब्ल्यू-९० हवं तितकं मिळतं, ७५डब्ल्यू-९० आणि ७५डब्ल्यू-८० काही दुकानांत आहे, ७५डब्ल्यू-८५ मात्र ‘मागवावं लागेल’. दुकानदार म्हणाले, ८० घ्या नाहीतर ९० घ्या, काही फरक पडत नाही.

खरंच पडत नाही का? आणि ‘फिल फॉर लाइफ’ म्हणजे बदलायचंच नाही असं समजायचं का?

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

तेल घ्यायला पळू नका, आधी क्लच बघा. गिअर कडक म्हणून आलेल्या निम्म्या गाड्यांत गिअरबॉक्स धडधाकट असतो आणि क्लच पूर्ण सुटत नसतो.

घरच्या घरी बघता येतं. गाडी सपाटीला, इंजिन बंद. क्लच दाबा आणि पाचही गिअर आणि रिव्हर्स एकेक करून घाला. इंजिन बंद असतानाही दांडा जड चालत असेल तर दोष दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबलमध्ये, तिच्या टोकाच्या बुशमध्ये किंवा वरच्या सिलेक्टर शाफ्टच्या गंजात. त्यात तेलाचा काही संबंध नाही.

बंद असताना लोण्यासारखा चालतो आणि चालू केल्यावर अडतो? मग इंजिन चालू करा, न्यूट्रलला ठेवा, क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही ‘कर्र’ झालं तर क्लच ओढतोय. केबल असेल तर ताण बघा, हायड्रॉलिक असेल तर खालच्या सिलिंडरची गळती आणि लाइनीतली हवा बघा. न थांबता टाकला तर मात्र आवाज येऊ शकतो, बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरची गती जुळवणारी रिंग) नसतो, तो दोष नाही.

तिसरी गोष्ट लोक विसरतात : इंजिनाचं माउंटिंग. रबर फाटलं की पिकअप देताना इंजिन हलतं आणि केबलचं माप बिघडतं. बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला क्लच सोडायला सांगा, इंजिन किती उडतं ते डोळ्यांनी दिसतं.

हे तिन्ही ठीक निघालं आणि त्रास फक्त थंडीत, फक्त दुसऱ्याला असला, तर मग तेलाकडे या. तुमच्या वर्णनावरून मला तेलच वाटतंय, पण बघून खात्री करा.

---

किनारपट्टी (मालवण)

‘नव्वद नंबर, सगळ्या गाड्यांना’ म्हणजे बहुधा पिंपातलं ८०डब्ल्यू-९० जीएल-५. ट्रकच्या डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाला), टेम्पोला, तुमच्या आय-ट्वेंटीला, सगळ्यांना एकच पिंप. आमच्याकडेही हेच चालतं.

---

रसायनी

वंगणतेलांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घाटमाथा, फरक पडतो. एक नाही, दोन ठिकाणी पडतो. पहिला जीएलच्या आकड्यात (तेल कोणत्या कामाचं ते) आणि दुसरा ७५, ८०, ९० या आकड्यांत (तेल किती पातळ-घट्ट ते). दुकानात बोलणं फक्त दुसऱ्याबद्दल होतं, म्हणून मी पहिल्यापासून सुरू करते.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा दात सरकत नाहीत, एक स्लीव्ह सरकते आणि हवा तो गिअर शाफ्टला जोडते. अडचण अशी की गिअर आणि शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी डब्याच्या बरोबरीने धावतो आणि मग पाय ठेवतो, तसं इथे जोडण्याआधी दोघांची गती एक व्हावी लागते. हे काम पितळेची सिंक्रो रिंग करते. स्लीव्ह तिला ढकलते, रिंग गिअरच्या कोनावर (शंकूसारख्या भागावर) दाबली जाते आणि घर्षणाने गती जुळवते. गती जुळेपर्यंत रिंग स्लीव्हला पुढे जाऊच देत नाही. तुमच्या हाताला जे ‘नको’ कळतं ते हेच आहे. रिंग तिचं काम करतेय, फक्त तिला वेळ जास्त लागतोय.

कॅडिलॅकने १९२८मध्ये सिंक्रोमेश आणलं, त्याआधी सगळे डबल क्लच मारूनच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबून, गाडी चालवत. मूळ कल्पना आजही तीच आहे.

आता बघा, तेलाकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. दातांमध्ये ते निसरडं हवं. रिंग आणि कोन यांच्यामध्ये मात्र ते झटकन बाजूला व्हायला हवं आणि घर्षण होऊ द्यायला हवं. रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात, ते तेल पिळून बाहेर काढण्यासाठीच.

जीएल-५ तयार झालं ते हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीसाठी. तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचं अतिदाब रसायन भरपूर असतं. जीएल-४मध्ये ते साधारण निम्मं असतं. हे रसायन धातूवर चिवट थर धरतं. पोलादी दातांना तो थर वाचवतो. पितळेच्या रिंगेवर मात्र त्याचे दोन परिणाम होऊ शकतात. एक, घर्षण कमी होऊन रिंग घसरत राहते. दोन, गंधक सक्रिय प्रकारचं असेल तर ते तांब्याच्या मिश्रधातूवर हल्ला करतं, विशेषतः तेल तापल्यावर.

आमच्याकडे याची चाचणी असते, एएसटीएम डी-१३०. घासून लखलखीत केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात तीन तास बुडवायची आणि मग काढून रंग प्रमाणतक्त्याशी ताडून बघायचा. १ म्हणजे जवळजवळ जशीच्या तशी, ४ म्हणजे काळी पडलेली. काही पट्ट्या जांभळ्या-निळ्या होऊन बाहेर येतात, मोरपिसासारख्या. एकदा ते पाहिलं की सिंक्रोच्या गिअरबॉक्समध्ये वाट्टेल ते तेल ओतवत नाही.

तेव्हा पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च. ‘पाच हे चारापेक्षा वरचं’ हा गैरसमज आहे. हे आकडे परीक्षेतले गुण नव्हेत, वेगवेगळ्या कामांची नावं आहेत.

---

सातवा_मैल (ठाणे)

रसायनीताई, तुमचा मुद्दा समजला, पण माझा अनुभव वेगळा आहे. मी मोतुल गिअर ३०० वापरतो, ७५डब्ल्यू-९०. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलंय. टाकल्यापासून गिअर इतके सुंदर पडतात की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येही वैताग येत नाही. मग दुहेरी लेबलचं तेल वाईट कसं?

---

रसायनी

सातवा_मैल, वाईट म्हटलेलं नाही. चांगल्या कंपन्यांच्या आजच्या जीएल-५मध्ये गंधक निष्क्रिय प्रकारचं असतं आणि तांबं सांभाळणारी रसायनंही घातलेली असतात. त्यामुळे ‘जीएल-५ पितळ खातं’ हे सरसकट विधान आता खरं नाही. काही गाड्यांच्या पुस्तकात तर उत्पादकच लिहितो, जीएल-४ किंवा जीएल-५ कोणतंही चालेल. तिथे रिंगेचं अस्तर आणि कोन त्या हिशेबाने बनवलेले असतात.

पण पितळ न खाणं वेगळं आणि रिंगेला योग्य घर्षण देणं वेगळं. पहिल्याची हमी म्हणजे दुसऱ्याची हमी नव्हे. तुमच्या गाडीत ते जमून आलं, आनंद आहे. आधीचं तेल किती जुनं होतं तेही विचारात घ्या. लाखभर किलोमीटर मुरलेलं काळं तेल काढून कोणतंही चांगलं ताजं तेल घातलं तरी पहिले काही दिवस फरक जाणवतोच.

ज्याच्या पुस्तकात फक्त जीएल-४ आहे त्याने फक्त जीएल-४ लिहिलेला डबा शोधावा असं माझं मत, आणि ते मिळत नाही असं नाही. शेलच्या स्पिरॅक्समध्ये नावातच खूण आहे, ‘जी’ अक्षर गिअरबॉक्ससाठी आणि ‘ए’ अक्षर अ‍ॅक्सलसाठी. कॅस्ट्रॉलमध्ये मॅन्युअल ईपी हे जीएल-४ आणि अ‍ॅक्सल ईपीएक्स हे जीएल-५. रेड लाइनचं एमटीएल आणि एमटी-९० ही दोन्ही जीएल-४, पण आयात असल्याने महाग. आणि सगळ्यात सोपं म्हणजे गाडीच्या कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर जाऊन गाडीचा क्रमांक देऊन मागणं.

---

सातवा_मैल (ठाणे)

ठीक. माझं तेल मी बदलणार नाही, पण नवीन माणसाला जीएल-४ सांगेन.

---

घाटमाथा (पुणे)

रसायनीताई, खूप आभार. आता आकड्यांचंही सांगा ना. ७५डब्ल्यू-८५ नाहीच मिळालं तर ८० की ९०?

---

रसायनी

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा, नंतरचा गरम तेलाचा.

थंडीची मर्यादा अशी ठरते : तेल इतकं घट्ट व्हायला नको की दीड लाख सेंटिपॉइजच्या (घट्टपणाचं एकक) वर जाईल. ७५डब्ल्यूने ही मर्यादा उणे ४० अंशापर्यंत पाळायची, ८०डब्ल्यूने उणे २६ पर्यंत, ८५डब्ल्यूने उणे १२ पर्यंत. पुण्यात उणे काहीच होत नाही, मग आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण जे तेल उणे ४० ला वाहतं ते १० अंशालाही जास्त मोकळं असतं.

गरम बाजूला १०० अंशाचं मोजमाप असतं, सेंटिस्टोकमध्ये (आकडा मोठा तितकं तेल दाट). ८० म्हणजे ८.५ ते ११, ८५ म्हणजे ११ ते १३.५, ९० म्हणजे १३.५ ते १८.५. इंजिन ऑइलच्या आकड्यांशी याची तुलना करू नका, ती मोजपट्टीच निराळी आहे. गिअर ऑइलचं ९० हे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० इतकंच दाट असतं.

निर्णय घ्यायला डब्यापेक्षा कंपनीचं डेटाशीट जास्त उपयोगी. त्यात ४० अंशाचा आकडा बघा. साधं खनिज ८०डब्ल्यू-९० तिथे १४०-१५० सेंटिस्टोकच्या घरात असतं. चांगलं सिंथेटिक ७५डब्ल्यू-८० पन्नास-साठच्या आसपास. दहा अंशाला ही दरी आणखी रुंदावते. तुमची सकाळची तक्रार याच दरीत आहे. घट्ट तेल रिंगेच्या आट्यांतून लवकर बाहेर पडत नाही, आणि त्यात फिरणारे गिअरही ते ओढून धरतं.

म्हणून पहिली पसंती मागवून का होईना ७५डब्ल्यू-८५ जीएल-४. ते नसेल तर ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सिंथेटिक, कारण गाडी लाखाच्या घरात आहे, पुण्याचा उन्हाळा आहे आणि तुम्ही घाटात जात असाल. ७५डब्ल्यू-८०ने सकाळ सगळ्यात सुखाची होईल, पण पुस्तकापेक्षा पातळ तेलात गरम गिअरबॉक्सच्या दातांवरचा थर बारीक होतो आणि जुन्या बेअरिंगचा आवाज वाढू शकतो. पुस्तकात ७५डब्ल्यू-८० लिहिलेल्या गाड्यांनी ते खुशाल घालावं.

‘फिल फॉर लाइफ’बद्दल : त्याच पुस्तकात खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो, तो बघा. सतत थांबत-चालत चालणारी शहरी गाडी, धूळ, घाट, हे सगळं त्यात मोडतं. तेलाला फिल्टर नाही. रिंगेचा झिजलेला चुरा त्याच तेलात फिरत राहतो.

---

हिमगौरी (कॅल्गरी)

इथे जानेवारीच्या कडक थंडीत पारा उणे २५ला आणि त्याखालीही जातो, म्हणून ताईंचा थंडीचा तक्ता माझ्यासाठी रोजच्या जगण्यातला आहे.

माझी मॅन्युअल सिव्हिक आहे. होंडा स्वतःचं पातळ एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) घालते, त्यावर ७५डब्ल्यू वगैरे काही लिहिलेलं नसतं. ते मिळालं नाही तर तात्पुरतं इंजिन ऑइल चालेल असं पुस्तकातच आहे. आपल्याकडच्या होंडा सिटीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. कोणी ‘जास्त ताकदीचं’ म्हणून ८०डब्ल्यू-९० सुचवलं तर नको म्हणा.

इथे इंजिनाला रात्री विजेचा हीटर लावतात. पण त्याने इंजिन गरम होतं, गिअरबॉक्स नाही. म्हणून सकाळी इंजिन लगेच सुरू होतं आणि गिअरचा दांडा मात्र डांबरात रुतल्यासारखा. मी पहिली काही मिनिटं न्यूट्रलला क्लच सोडून इंजिन चालू ठेवते, म्हणजे आतला इनपुट शाफ्ट फिरतो आणि तेल थोडं ढवळलं जातं. मग दुसऱ्याला जाताना दांड्यावर हलका दाब ठेवून वाट बघायची. रिंगेला हवा तो वेळ दिला की गिअर आपोआप आत जातो. जोर लावून ढकलण्याने रिंगच झिजते.

पुण्यातही सकाळी हे करून बघा, फुकट आहे.

---

सई (नाशिक)

मोलिब्डेनम किंवा टेफ्लॉनवालं अ‍ॅडिटिव्ह मिळतं, एक छोटी बाटली गिअरबॉक्समध्ये ओतायची. कसाऱ्याला उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना माझी गाडी कुरकुरते. घालू का?

---

रसायनी

सई, सिंक्रोच्या गिअरबॉक्समध्ये नको. ही बाटली घर्षण कमी करते आणि रिंगेला घर्षणच हवंय. दांडा हलका लागेल, पण गती जुळायला उशीर होईल आणि दात खरखरतील. पूर्ण तयार तेलाच्या रसायनांत बाहेरून भर घालणं मला तरी कधीच पटलेलं नाही.

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

सईताई, घाट उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात आणायच्या आधी वेग किती असतो? चाळीसच्या वर असताना दुसरा मागितला तर रिंगेला खूप मोठा फरक जुळवावा लागतो. ब्रेकने वेग उतरवा, मग गिअर उतरवा. नाहीतर क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटरला एक हलका टिचका द्या, इंजिन वर आलं की गिअर घाला. जुन्या ट्रकवाल्यांची विद्या आहे ती.

आणखी एक. गिअर थंडीत नीट आणि लांबच्या प्रवासात गरम झाल्यावर कडक होत असेल तर क्लचचं हायड्रॉलिक तेल बघा. वर्षानुवर्षं न बदललेल्या त्या तेलात पाणी मुरतं आणि तापलं की पॅडल मऊ पडतं. तेही दोन वर्षांनी बदलायचं असतं, पण कोणी लक्ष देत नाही.

---

घाटमाथा (पुणे)

काका, ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं करून आलो. कामाला येईल म्हणून तपशिलाने लिहितो.

इंजिन बंद असताना सगळे गिअर हलके. चालू असताना पाच सेकंद थांबून रिव्हर्स, काही आवाज नाही. माउंटिंग ठीक. म्हणजे क्लच आणि केबल दोषमुक्त.

मग ओळखीच्या मेकॅनिककडे तेल बदललं. ७५डब्ल्यू-८५ जीएल-४ कंपनीच्या काउंटरवर मागवून मिळालं. मेकॅनिकने आधी भरायचा बोल्ट सैल केला, मग खालचा. कारण विचारलं तर म्हणाले, खालचा काढून तेल सोडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच उभी राहते. हे मला कधी सुचलंच नसतं.

तेल गरम असतानाच काढलं. बाहेर पडताना आधी वास आला, फटाके उडाल्यानंतर अंगणात राहतो तसा गंधकाचा, नाकात बसणारा. रंग अजून तपकिरीच होता, कारण तेल नवं होतं. ते एका पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन उन्हात धरलं तेव्हा खरी गोष्ट दिसली. तळाशी सोनेरी कण. बोटावर घेऊन चोळले तर टोचत नव्हते, पण चकाकत होते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा लेप होता. तो पुसून बघितला, त्यात तुकडा वगैरे काही नाही.

वायसर दोन्ही नवे घातले. भरायच्या भोकातून तेल ओघळायला लागेपर्यंत भरलं, गाडी चारी बाजूंनी समपातळीत उचलून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारा तितकाच खाली होता. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा अजूनही क्षणभर थांबतो, पण पूर्वी अडायचा तसा नाही. तीन-चार चौकांनंतर तेही जातं. तिसऱ्यातून दुसऱ्यात पटकन आणलं तर मात्र अजून खरखर होते. ते सोनेरी कण म्हणजे रिंग गेली असं समजायचं का?

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

चुंबकावरचं राखाडी मलम काळजीचं नाही. पोलादाची रोजची झीज, प्रत्येक गाडीत निघते. चुंबकाला चिकटलेला पत्र्यासारखा कपचा किंवा दाताचा तुकडा निघाला असता तर मी गाडी चालवू नका म्हणालो असतो.

सोनेरी कण पितळेचे. चुंबक त्यांना धरत नाही म्हणून ते तेलातच राहतात. थोडे कण लाखभर चाललेल्या गाडीत असणारच. पण तुम्ही म्हणता तेल काही महिन्यांपूर्वीच बदललेलं होतं. एवढ्यात इतके दिसले म्हणजे दुसऱ्याची रिंग झिजतेय हे नक्की. दुसरा गिअर शहरात सगळ्यात जास्त वापरला जातो आणि पहिल्या-दुसऱ्यातला फरकही मोठा असतो, म्हणून सगळ्यात आधी तोच बोलतो.

झिजलेली रिंग कोणत्याही तेलाने परत भरून येत नाही. तेलाने झिजेचा वेग कमी होईल आणि थंडीतलं अडणं जाईल, ते तुम्हाला मिळालेलं आहे. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवू नका. चौथ्या-पाचव्याला आवाज नाही, गिअर सुटून न्यूट्रलला येत नाही, तोवर चालवा. क्लचप्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, त्याच वेळी उघडून दुसऱ्याची रिंग आणि स्लीव्ह बदलून घ्या. उतरवायची मजुरी एकदाच पडेल. आणि नुसती रिंग बदलू नका, गिअरचा कोन आणि स्लीव्हचे दात गोल झालेत का ते मेकॅनिकला दाखवायला लावा.

तेल पुन्हा लवकर बदला, वर्षभरात. त्या वेळी परत पांढऱ्या ट्रेमध्ये बघा. कण कमी दिसले तर तेल तुमच्या बाजूने काम करतंय.

---

किनारपट्टी (मालवण)

पांढऱ्या ट्रेची युक्ती छान आहे. काळ्या डब्यात काढलेल्या तेलात कोणाला काय दिसणार.

---

भीमथडी (दौंड)

धागा उशिरा वाचला. माझ्याकडे बोलेरो आहे, शेतावर आणि बाजारसमितीला चालते. वरची सगळी चर्चा वाचून आता मेकॅनिकला सांगणार होतो की सगळीकडे जीएल-४ टाक. बरोबर ना?

---

रसायनी

भीमथडी, थांबा! बोलेरोत गिअरबॉक्स वेगळा आणि मागचं डिफरन्शियल वेगळं. मागच्या हौसिंगमध्ये क्राउन-पिनियन हायपॉइड असतं, तिथे जीएल-४ टाकलं तर दात खराब होतील. तिथे जीएल-५च हवं. गिअरबॉक्सला पुस्तकात जे लिहिलंय ते. दोन जागा, दोन डबे. मेकॅनिकला दोन्ही डबे हातात द्या आणि कोणता कुठे हे डब्यावर खडूने लिहून द्या.

आय-ट्वेंटी, स्विफ्ट यांसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, पण तिथले दात हायपॉइड नसतात, साधे तिरपे हेलिकल असतात. म्हणून त्या सगळ्याला मिळून एकच जीएल-४ पुरतं. ‘डिफरन्शियल आहे म्हणून जीएल-५ घाल’ असं कोणी म्हणालं तर हा फरक सांगा.

---

भीमथडी (दौंड)

बरं झालं विचारलं. दोन्ही पुस्तकाप्रमाणे घेतो. आणि काढलेलं जुनं तेल? आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात.

---

रसायनी

कृपा करून फासू नका, शेतात आणि विहिरीजवळ तर नकोच. त्यात धातूचा चुरा आणि गंधकाची रसायनं आहेत, पावसाने ती जमिनीत उतरतात. झाकण घट्ट बसणाऱ्या कॅनमध्ये भरून ठेवा. वापरलेलं तेल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याला देणारी गॅरेजं दौंडला किंवा पुण्याला सापडतील. नवं तेल घ्यायला जाल तेव्हा जुना कॅन बरोबर न्या. त्यात पाणी, ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळू देऊ नका, मिसळलेलं तेल ते घेत नाहीत.